राज्याच्या प्रवासाचं गणित करणारी टीम महाराष्ट्राची स्वतःची हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे रिझल्ट लागले की करिअरच्या पुरवण्या येतात, त्यात कॉम्प्युटर, डेटा सायन्स, एआय हे सगळं असतं आणि असायलाच हवं, पण सिव्हिलला आता स्कोप नाही असं जे पोरांना घरीदारी ऐकवलं जातं ते वाचून-ऐकून मला राहवत नाही म्हणून हे पत्र. मी मूळचा सातारचा, सिव्हिल इंजिनिअर, आणि गेली अठरा वर्षं अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका राज्याच्या ट्रॅव्हल डिमांड मॉडेलवर काम करतोय. असं काही काम असतं हे मला महाराष्ट्रात कॉलेजात चार वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं.

काम सोप्या भाषेत असं, की अख्ख्या राज्याचे काही हजार झोन पाडायचे, प्रत्येकात किती घरं, किती नोकऱ्या, किती गाड्या ते भरायचं, मग तिथून रोज किती ट्रिपा निघतात, कुठे जातात, कशाने जातात आणि कुठल्या रस्त्याने जातात ते काढायचं. ह्याला फोर स्टेप मॉडेल म्हणतात, १९५० च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांतून ते आकाराला आलं. आता त्याच्या पुढची मॉडेलं आहेत ज्यात एकेका माणसाचा अख्खा दिवस सिम्युलेट करतात, पण प्रश्न तेच चार. शहराच्या मॉडेलपेक्षा राज्याचं अवघड जातं, कारण शहरात माणूस सकाळी निघून संध्याकाळी घरी येतो, राज्यात मात्र तीनशे किलोमीटर जाऊन मुक्काम करणारे असतात, मालाचे ट्रक असतात, आणि शेजारच्या राज्यातून येऊन न थांबता पलीकडे निघून जाणारी वाहनं असतात.

ह्याचा उपयोग काय असं भाऊबंद विचारतात तेव्हा मी ओरेगन ह्या अमेरिकेतल्या राज्याचं उदाहरण देतो. तिथे १९५० च्या आसपास बांधलेल्या बऱ्याच काँक्रीट पुलांना तडे गेलेले सापडले, सगळे एकदम दुरुस्त करायला पैसा नव्हता, आणि पुलावर वजनाची बंदी घातली की ट्रक लांबून फिरून जाणार, मग माल महागणार, मग कारखान्यांवर परिणाम होणार. ओरेगनकडे वाहतूक आणि अर्थव्यवस्था एकत्र जोडलेलं स्वतःचं स्टेटवाइड मॉडेल तयार होतं, त्यावर कुठल्या मार्गावरचे पूल आधी घेतले तर किती नुकसान वाचतं हे तपासलं गेलं, आणि २००३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने राज्याच्या पुलांसाठी १.३ अब्ज डॉलर मंजूर केले. दुसरं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेचं. ती सुरू व्हायच्या आधी अधिकृत अंदाज होता की १५ टक्के लोक तिने जातील, डॅनियल मॅकफॅडन यांच्या मॉडेलने ६.३ टक्के सांगितलं, आणि प्रत्यक्षात निघाले ६.२. माणूस पर्याय कसा निवडतो ह्यावरच्या त्यांच्या कामाला २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे हे नुसतं रस्त्याचं काम नाहीये, ह्यात स्टॅटिस्टिक्स आहे, इकॉनॉमिक्स आहे, पायथॉन आहे, नकाशे आहेत, आणि माणसं कशी वागतात हेही आहे.

पण सॉफ्टवेअर येतं म्हणून कोणी मॉडेलर होत नाही. मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील, आमचं मॉडेल एका नदीवरच्या दोन पदरी पुलावर ढीगभर ट्रक पाठवत होतं, मी आठवडाभर आकडे उलटेपालटे करत बसलो. आमचे सीनियर आले, स्क्रीनवर एक नजर टाकली आणि म्हणाले त्या पुलाला वजनाची मर्यादा आहे, तिथून जड ट्रक जातच नाहीत, नेटवर्कमध्ये कोणीतरी ते भरायचं राहिलंय. त्यांनी तो पूल वीस वर्षांपूर्वी पाहिला होता. पुढे ते रिटायर झाले आणि असं कितीतरी त्यांच्याबरोबर गेलं, कारण कुठल्या फाइलमध्ये ते लिहिलेलंच नव्हतं.

आता आपल्याकडचं बोलतो. मुंबईसाठी १९६२ पासून अभ्यास झालेत, एमएमआरडीएने २००५ ते २००८ मध्ये मोठा केला, तो सगळा शहर आणि महानगराचा. पण समृद्धी ७०१ किलोमीटरचा झाला, त्याच्यामुळे जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावरच्या गावांचं, तिथल्या एसटीचं, रेल्वेचं काय झालं हे शहराच्या मॉडेलमधून कळणार नाही, त्याला राज्यच घ्यावं लागतं. आणि आपलं राज्य अमेरिकेचं मॉडेल उचलून आणून कळणारं नाही. बीडमधल्या एखाद्या गावात जानेवारीत सर्व्हे करायला गेलात तर कितीतरी घरांना कुलूप, फॉर्मवर ट्रिपा शून्य, आणि ते अख्खं कुटुंब त्या वेळी कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या फडात. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवरची गर्दी, आषाढीला पंढरपूर, हे तर अमेरिकन मॉडेलच्या सरासरी वर्किंग डेमध्ये बसतच नाही. शिकत असताना आम्ही इंदापूरजवळ रस्त्याकडेला बसून गाड्या मोजायचो, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, आणि दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर आला की त्याला किती कारच्या बरोबरीचा धरायचा ह्यावर आमच्यात वाद व्हायचे. तो प्रश्न मला अजूनही महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या मागे तुंबलेली रांग खरी असते.

माझी मागणी साधी आहे. राज्याने दहा-पंधरा माणसांची कायमस्वरूपी मॉडेलिंग टीम करावी, इंजिनिअर, स्टॅटिस्टिक्सवाले, अर्थशास्त्रवाले आणि एसटीत हयात घालवलेली एक-दोन माणसं, आणि त्यांची दर तीन वर्षांनी बदली करू नये. कन्सल्टंट घ्या, आम्हीही घेतो, पण त्यांनी दिलेलं मॉडेल उघडून तपासणारं, पुढच्या वर्षी पुन्हा चालवणारं कोणी आपल्या पगारावर असलं पाहिजे. रिपोर्ट कपाटात गेला आणि पाच वर्षांनी सगळं पहिल्यापासून, ह्यात पैसा तर जातोच, शिकलेली पोरंही बाहेर जातात, मी त्यातलाच एक.

डेटा नाही असं म्हणतात, पण एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं मशीन प्रत्येक तिकिटाला कुठून कुठे हे नोंदवतं, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणजे ती तिकिटंही वेगळी ओळखता येतात. सवलतीनंतर बायका कुठे जास्त जायला लागल्या, दवाखान्याच्या गावाला, बाजाराच्या की माहेरच्या दिशेला, हे तालुक्यानुसार बघता येईल. कोणाचंही नाव न देता हा डेटा इंजिनिअरिंग आणि अर्थशास्त्राच्या कॉलेजांना खुला करावा, नुसत्या एवढ्यावर एम.टेक.चे कितीतरी प्रोजेक्ट उभे राहतील.

डिसेंबरमध्ये मी तीन आठवडे साताऱ्याला असतो. जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजने बोलावलं तर मी येऊन शिकवेन, मानधन नको, पोरांनी फक्त लॅपटॉप आणि आपल्या तालुक्याचा नकाशा आणावा.

आपला,
एक वाचक, मूळ गाव सातारा