काका, त्या खडूच्या खुणांसाठी

काका, नमस्कार.

असं चारचौघांत कुणी तुमच्याबद्दल लिहिलेलं तुम्हाला अजिबात आवडणार नाही हे माहितीये, म्हणून नाव घेत नाही. पण समोर आलो की तुम्ही मला बोलूच देत नाही. "बरं बरं, ते क्लॅम्प आवळ आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितोय. तुम्ही उभी करायला मदत केलेली माझी जुनी बोट परवा पाण्यात उतरली. दोन तास फिरलो, परत आलो, वाकून आत बघितलं तर तळाशी थेंबभर पाणी नाही. त्यानंतर मी ट्रेलरवर एकटाच बसून राहिलो, किती वेळ ते माहीत नाही, आणि काय वाटत होतं ते इथे नीट जमेल असं नाही पण प्रयत्न करतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अठरा फुटी फायबरची बोट, १९८८ सालची, मागे आउटबोर्ड इंजिन. घेताना वरून चकाचक होती, मी पॉलिश बघून भाळलो, चूक माझीच. पहिल्या महिन्यात फ्लोअर पायाखाली दबायला लागला. मग एकदा इंजिनचा पाय धरून हलवला तर बोटीची मागची पाटी, म्हणजे ज्या ट्रान्समवर इंजिन लटकतं ती, इंजिनबरोबर हलली. म्हणजे डोळ्यांना दिसेल इतकी. पोटात गोळा आला.

आता ज्यांच्याकडे आधी गेलो त्यांच्याबद्दल. नावं घेणार नाही, पण मनातलं ओकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पहिल्याने सांगितलं किरकोळ आहे, बोट ठेवून घेतली, सहा आठवडे फोन उचलला नाही, आणि परत दिली तेव्हा आतून एक नवा गुळगुळीत थर दिसत होता. मी खूष! दोन महिन्यांत तो थर कोपऱ्यातून सुटला, मी नखाने धरला आणि ओढला तर वहीचं पान फाडावं तसा अख्खा निघून आला, खाली ओलं काळं प्लायवूड. ओल्या लाकडावर साधं पॉलिएस्टर रेझिन ओतलं होतं बाबाने. ते नीट चिकटणारच नव्हतं, हे आता मलासुद्धा कळतं, त्याला त्या धंद्यात असून कळत नव्हतं की कळत होतं, देव जाणे. दुसरा निदान प्रामाणिक तरी होता, त्याने लांबूनच बघितलं, हात खिशातून न काढता म्हणाला, कापून टाका, इंजिन विका. आणि तिसरा, त्याने तर फ्लोअर उघडायला लावला, खालचा फोम पिळला की पाणी निघत होतं ते बघून हसला, मोबाइलवर फोटो काढला आणि निघून गेला. फोटो कशाला काढला हे मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी मी त्या उघड्या बोटीत बसलो होतो, आजूबाजूला ओल्या फोमच्या गोण्या, अंगभर फायबरच्या काचेची खाज, आणि पलीकडच्या ट्रेलरवर तुम्ही तुमच्या बोटीचं काहीतरी करत होतात. ओळख नाही पाळख नाही. तुम्ही आलात, विचारलंत, "आत येऊ का?" बघा, हे पण. माझ्या बोटीत चढायच्या आधी परवानगी मागणारे तुम्ही पहिलेच. भंगार तर भंगार, पण दुसऱ्याची आहे, हे तुमच्या डोक्यात होतं.

मग तुम्ही स्क्रूड्रायव्हर उलटा धरलात आणि त्याच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकायला लागलात. तळ, स्ट्रिंगर (तळाला आतून आधार देणारे लांब वासे), बाजू, परत तळ. टक टक टक. जिथे आवाज कोरडा खणखणीत यायचा तिथे खिशातला खडू काढून एक छोटी बरोबरची खूण करायची आणि पुढे सरकायचं. जिथे भद्द आवाज यायचा तिथे काहीच नाही, नुसतं पुढे. तासभर तरी चाललं असेल. मी शेवटी न राहवून विचारलं की काका, खराब कुठे कुठे आहे ते पण खूण करा ना. तुम्ही वर न बघता म्हणालात, "जिथं खूण नाही तिथं."

तुम्ही उतरून गेल्यावर मी खुणा मोजल्या. एकतीस.

काका, तुम्हाला कदाचित आठवतही नसेल, तुमची ती कामाची पद्धतच असेल. पण त्याआधी तीन माणसांनी मला फक्त काय सडलंय ते सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं, सडलं होतंच. काय शाबूत आहे हे कुणी बघितलंच नव्हतं. मी पण नाही. एकतीस खुणा बघून मला पहिल्यांदा दिसलं की तळाची फायबरची कातडी पूर्ण घट्ट आहे, पुढचे स्ट्रिंगर कोरडे आहेत, सडलंय ते मागचं चार-पाच फुटांचं लाकूड. रडायला आलं होतं, खरं सांगतो. फायबरच्या धुळीने डोळे लाल झालेत असं मी घरी सांगितलं.

आणि कारण पण तुम्हीच शोधलंत. ट्रान्समच्या बाहेरच्या बाजूला खाली जुन्या डेप्थ फाइंडरचा, म्हणजे पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा, ट्रान्सड्यूसर लटकत होता, पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी पकडणारा भाग, आधीच्या मालकाने कुणाकडून तरी बसवून घेतलेला. तुम्ही तो काढलात, चार स्क्रू, चारही वॉटरलाइनच्या खाली, आणि भोकांत सीलंटचा कण नाही. नुसते कोरडे स्क्रू प्लायवूडमध्ये पिळलेले. वर्षानुवर्षं पाणी त्या चार भोकांतून प्यायलं त्या लाकडाने. शिवाय त्याची केबल मध्येच कापून, पिळून, वर काळी टेप. ट्रान्सड्यूसरची केबल कापायची नसते, उरली तर गुंडाळून ठेवायची, हे डब्यातल्या कागदावर पण लिहिलेलं असतं म्हणे. म्हणजे खोली सांगायला बसवलेल्या यंत्रानेच बोट बुडवायची सोय केली होती! तुम्ही यावर काही बोलला नाहीत, फक्त एक स्क्रू माझ्या हातात दिलात. गंजून सुईसारखा झाला होता.

पुढचे चार महिने कसे गेले ते सगळं सांगत बसत नाही. आतून ट्रान्सम खरवडून काढला, बाहेरची कातडी तशीच ठेवली, अठरा मिलिमीटरच्या मरीन प्लायचे दोन थर एपॉक्सीने चिकटवले, वर काचेचं कापड. जुन्या फायबरला नवा थर जोडताना कडा किती लांब तासायची हे मी अंदाजाने करत होतो, तुम्ही पट्टी घेऊन दाखवलंत की जाडीच्या बारा पट, तीन मिलिमीटर जाड असेल तर छत्तीस मिलिमीटर उतार, आळस करायचा नाही. मी आळस केला एका बाजूला. तुम्ही हाताचं बोट फिरवून ओळखलंत. परत तासलं.

आणि तो एपॉक्सीचा मग! ते आठवलं की अजून लाज वाटते. तुम्ही बजावलं होतं की याचं माप तंतोतंत पाहिजे, पॉलिएस्टरसारखं हार्डनर कमी-जास्त करून चालत नाही, आणि कालवलं की लगेच उथळ ट्रेमध्ये पसरवायचं. मी माप बरोबर घेतलं, आणि मग उंच मगमध्येच ठेवून फोनवर बोलत बसलो. तो मग तापला, धूर यायला लागला, प्लास्टिक वितळून वाकडं झालं. मी घाबरून पाणी ओतायला निघालो तर तुम्ही शांतपणे तो मग काठीने ढकलत मोकळ्या मातीत नेलात आणि म्हणालात, "एक मग प्रत्येकाचा जातो." बस. दुसऱ्या दिवशी ट्रे तुम्हीच घेऊन आलात. ओरडायचा पूर्ण हक्क होता तुम्हाला.

एपॉक्सी वाळायची वाट बघत बसायचो ते तास मला सगळ्यात आवडले. पूर्वी दोरीला शिसं बांधून खोली मोजायचे, वाव-वावावर खूण, आणि शिशाच्या बुडाला चरबी लावायचे म्हणजे तळाची वाळू की चिखल तो चिकटून वर यायचा, हे तुमच्याकडून कळलं. १९१२ ला टायटॅनिक बुडाल्यावर फेसेंडन नावाच्या माणसाने १९१४ ला पाण्यात आवाज सोडून हिमनगाचा प्रतिध्वनी पकडला आणि त्याच चाचण्यांत समुद्राच्या तळाचा पण प्रतिध्वनी मिळाला, ही गोष्ट तुम्ही अशी सांगितलीत की जणू तुम्ही त्या जहाजावर होतात. आणि गणित मातीत काडीने काढून दाखवलंत, पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, तळ तीन मीटरवर असेल तर जायला-यायला सहा मीटर, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांतले चार भाग. तेवढ्यात यंत्र आकडा दाखवतं. मला तोपर्यंत वाटायचं की त्या डब्यात काहीतरी जादू आहे.

नवा डेप्थ फाइंडर बसवायची वेळ आली तेव्हा मी ड्रिल हातात घेऊन उभा होतो. हात पुढे जाईना. एवढा ट्रान्सम नवीन केला आणि आता परत खाली भोकं? तुम्ही म्हणालात, ड्रिल ठेव, आतून बसवू. तळ सलग फायबरचा असेल, मध्ये फोम नाही, बाल्साचं हलकं लाकूड नाही, तर आवाज तळातून आरपार जातो. आणि नुसतं सांगून थांबला नाहीत, आधी बोट पाण्यात उतरवून ट्रान्सड्यूसर बाहेर धरून आकडा बघितला, मग प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून त्यात ट्रान्सड्यूसर ठेवून ती पिशवी आत तळाला टेकवली. दोन्हीकडे आकडा तोच. मग तिथेच पक्का. हळू वाळणारं एपॉक्सी, आणि एक बुडबुडा राहता कामा नये, कारण हवा मध्ये आली की आवाज तिथेच अडतो. माझं आधीचं सगळं काम ज्या घाईत झालं असतं ती घाई तुम्ही त्या एका तासात काढून टाकलीत. पाण्याचं तापमान म्हणून यंत्र आता बोटीच्या तळाचं दाखवतं, ते सोडून द्यायचं, एवढंच नुकसान. वायर सरळ बॅटरीवरून वेगळी, फ्यूज घालून, इंजिनच्या वायरींपासून लांब.

त्या जागेवर तुमची एक खूण होती काका. एकतिसांपैकी एक. चिकटवायच्या आधी ती जागा खरवडावी लागणार होती, खडूवर एपॉक्सी लावून कसं चालेल. मी सॅंडपेपर हातात घेऊन जरा थांबलो तर तुम्ही म्हणालात, "काय झालं? पूस की." तुम्हाला काय कल्पना. पुसली. पण जिथे काही करायची गरज नव्हती तिथल्या अकरा खुणा मी तशाच ठेवल्यात आणि वरून फ्लोअर बंद केलाय. कुणाला दिसणार नाहीत. मला माहितीये.

मधूनच एक सांगतो, माणूस म्हणतो जग बिघडलंय, कुणी कुणाचं नाही, मी पण तेच म्हणत फिरत होतो तीन जणांनी टोपी घातल्यावर. पण त्या तिघांनी माझा जितका वेळ खाल्ला त्याहून जास्त वेळ एका अनोळखी माणसाने मला दिला, आणि कधी काही मागितलं नाही, उपकार केल्यासारखा चेहरा नाही, "मी सांगितलं होतं ना" नाही. चांगली माणसं असतात, ती फक्त पलीकडच्या ट्रेलरवर खाली मान घालून आपलं काम करत असतात, म्हणून दिसत नाहीत बहुतेक. माझे वडील अशा माणसांना "सरळ माणूस" म्हणायचे, मला तो शब्द फार साधा वाटायचा. आता वाटत नाही.

परवा बाहेर गेलो तेव्हा इंजिन बंद करून तुमची ती शिसं बांधलेली दोरी सोडली. दोरीने साडेचार मीटर, स्क्रीनवर चार पूर्णांक तीन. घाबरलो आधी, मग लक्षात आलं की यंत्र बोटीच्या तळापासून मोजतंय आणि मी पाण्याच्या वरून. हसू आलं. हे तुम्ही दोनदा सांगितलं होतं.

एकच भानगड आहे. हळू चालवली की आकडा मस्त स्थिर, पण वेग वाढवला की मध्येच आकडा जाऊन नुसत्या रेघा येतात, परत हळू केली की येतो. तळाखालून हवेचे बुडबुडे जातात त्यामुळे असेल असा माझा अंदाज आहे पण कुठून येतात ते मला सापडत नाहीये, मी एकटा चालवणार आणि मागे बघणार कसं. तेव्हा रविवारी सकाळी या. तुम्ही चालवा, मी मागे वाकून बघतो, नाहीतर उलटं. आणि तुमचा खडू माझ्या टूलबॉक्समध्ये राहिलाय, अर्धा उरलाय, तो पण घेऊन जा. किंवा राहू दे, लागेल.

तुमचा,
पलीकडच्या ट्रेलरवाला