न आठवणारे दोन तास

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारी ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ बघितला, २०१६चा, एमिली ब्लंटचा. दारूच्या आहारी गेलेली एक बाई, न्यूयॉर्कच्या ट्रेनच्या खिडकीतून रोज जिला बघायची तीच गायब होते आणि हिला त्या रात्रीचं काही म्हणजे काही आठवत नाही, अंगावर रक्त, मग खून आपणच केला की काय असं हिलाच वाटायला लागतं. आमच्याकडे सगळे म्हणाले हे काय पटत नाही बुवा, आपण काय केलं ते माणसाला कळत नाही का? मला पटलं, म्हणूनच हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडला माझ्या स्कूटीचा अ‍ॅक्सिडेंट झाला. हेल्मेट होतं म्हणून वाचले पण घरून निघाल्यापासून ते सलाईन लागेपर्यंतचे दोन तास डोक्यातून पार गेले. समोरचा गाडीवाला सगळ्यांना सांगत सुटला की मॅडम सिग्नल तोडून आल्या, आणि ते मी इतक्या वेळा ऐकलं की महिन्याभरात मला तो लाल सिग्नल दिसायलाच लागला, मी घाईत होते, गाडी दामटली, सगळं ‘आठवायला’ लागलं, त्याची रडून माफी मागितली, दुरुस्तीचे पैसे पण दिले. नंतर भावाने पोलिसांकडचं फुटेज बघितलं तर सिग्नल मला हिरवा होता. तरी तो लाल दिवा अजून दिसतो मला.

डॉक्टर म्हणाले, मेंदूने तेव्हा रेकॉर्डच केलं नाही तर परत येणार कुठून, रिकामी जागा मग ऐकलेल्या गोष्टींनी भरते. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५मध्ये २४ जणांना तुम्ही लहानपणी मॉलमध्ये हरवला होतात असं खोटंच सांगितलं, तर साधारण चौथ्या हिश्श्याला ते थोडंफार तरी खरं वाटलं!

पिक्चरमध्ये शेवटी तिला हवं तेच नेमकं आठवतं ते फिल्मी आहे. पण ट्रेनमध्ये ती नवऱ्याच्या जुन्या बॉसच्या बायकोची एका पार्टीत घातलेल्या गोंधळाबद्दल माफी मागते आणि ती बॉसची बायको सांगते की तू त्या पार्टीत काहीच केलं नव्हतंस, तिथे मला रडू आवरेना. नवरा इतकी वर्षं तूच गोंधळ घातलास असं सांगत होता आणि ही मान खाली घालून ऐकत होती.

आपल्या पेपरात मेंदूच्या डॉक्टरांचा यावर एक लेख जरूर द्या. डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या उशाशी बसून लोक काहीही सांगत असतात हो.

- एक वाचक, कासारवडवली, ठाणे