नोकरीसाठी बायोडेटा पाठवण्यापूर्वी: सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, तपासणीसाठी आमच्याकडे आलेल्या बहुतेक बायोडेटांत पहिले अर्धे पान वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि उंची यांतच संपलेले आढळले. हा तपशील स्थळे पाहताना उपयोगी पडेल. गोव्यातील वेर्ण्याच्या औषध कारखान्यातील अधिकाऱ्याला मात्र उमेदवाराला कोणते काम येते, एवढेच आधी पाहायचे असते. म्हणून ‘गुणवत्ता विभागात काम केले’ असे मोघम न लिहिता ‘२ वर्षे एचपीएलसी यंत्रावर गोळ्यांचे नमुने तपासले व त्यांच्या नोंदी ठेवल्या’ असे लिहावे. अलीकडची नोकरी आधी, जुनी नंतर. नवपदवीधरांनी शिक्षण आधी द्यावे. मध्ये खंड पडला असल्यास तारखांची ओढाताण न करता एका ओळीत कारण सांगावे. भाषांच्या रकान्यात, केवळ आजी बोलत असे म्हणून, पोर्तुगीज लिहू नये.

गोवा सरकारच्या पदांची गोष्ट वेगळी आहे. तेथे विहित नमुन्यातच अर्ज करावा लागतो आणि सहसा १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागितला जातो. कोकणीचे ज्ञान आवश्यक व मराठीचे इष्ट, असे जाहिरातीत बहुधा नमूद असते, तेव्हा या दोन्ही भाषांचा उल्लेख गाळू नये.

बायोडेटा दोन पानांपेक्षा मोठा नसावा. तो पीडीएफ स्वरूपात, फाईलला स्वतःचे पूर्ण नाव देऊन पाठवावा; ‘फायनल न्यू २’ या नावाच्या तीन फाईली आमच्याकडे अजून बेवारस पडून आहेत.