नारळ फोडला की बदल रासायनिक?

संपादक महोदय, नमस्कार.

मालवणात माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, ग्रिल, गेट, शेड असली कामं. पत्र लिहायचं कारण सातवीतल्या लेकीचा सायन्सचा पेपर. 'नारळ फोडणे' हा भौतिक बदल की रासायनिक असं विचारलेलं, तिने भौतिक लिहिलं आणि त्यावर लाल फुली! का तर फोडलेला नारळ परत जोडता येत नाही, आणि जे परत होत नाही ते रासायनिक असं म्हणे वर्गात लिहून दिलंय. माझी आई ऐकून म्हणाली, "मगे आमी रोज रासायनिकच खातंव काय?"

अहो नारळ फोडा, खवा, पाट्यावर वाटा, खोबरं ते खोबरंच. नवीन पदार्थ तयार झाला का एवढंच बघायचं असतं. तेच खोबरं डब्यात विसरलं आणि खवट झालं तर मात्र त्यातल्या तेलाचं हवेतल्या ऑक्सिजनने काहीतरी वेगळंच करून टाकलं, ते वासावरूनच कळतं. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं ते वेगळं, पारा 24 अंशांच्या खाली उतरला की थिजणार आणि उन्हात ठेवलं की परत पातळ.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. एम.एस.चा, म्हणजे साध्या पोलादाचा, अँगल कापून शेडबाहेर ठेवला आणि रात्री पाऊस लागला तर सकाळी कापलेल्या तोंडावर नारिंगी भुकटी धरलेली असते, बोट फिरवलं की बोटाला लागते. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यातलं मीठ लोखंडावर बसतं, ते ओल धरून ठेवतं आणि मिठाच्या पाण्यात गंजाचं काम जोरात चालतं. त्यात गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून तर स्लॅबच्या आतली सळई फुगून खालचं प्लास्टर पडतं, किनाऱ्यावरच्या घरात राहणाऱ्यांना हे मी सांगायला नको. हा पक्का रासायनिक बदल. पण परत होत नाही असं कुठंय? आमच्याच जिल्ह्यात रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत, त्या खनिजातही लोखंड ऑक्सिजनला चिकटूनच असतं, भट्टीत कोकने (भाजलेल्या दगडी कोळशाने) तो ऑक्सिजन ओढून घेतला की लोखंड मोकळं. म्हणजे गंजणारं गेट खरं तर परत खाणीच्याच वाटेला लागलेलं असतं.

आणि चुना! पूर्वी आपल्याकडे शिंपले भाजून चुना करायचे. शिंपला म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट, 100 ग्रॅम भाजला तर 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि 56 ग्रॅम कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की रटरटायला लागतो, भांड्याला हात लावता येत नाही. मग तो विरलेला चुना भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो, शिंपल्यात होता तोच. तीन बदल, तिन्ही रासायनिक आणि शेवटी गाडी निघाली तिथेच परत! वर्गातल्या नियमाने याला काय म्हणायचं?

आमच्या समोर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे, 1664 साली बांधायला घेतलेला. पायात शिसं ओतलं असं आपण शाळेपासून ऐकतो, ते शिसं 327 अंशांना वितळतं आणि गार झालं की परत घट्ट, म्हणजे भौतिक बदल. त्याच किल्ल्यात महाराजांच्या हातापायाचे ठसे चुन्यात आहेत, ओल्या चुन्यात उमटले आणि चुना दगडासारखा झाला, म्हणजे रासायनिक. एवढं घराच्या दारात असताना पोरांना 'परत होतं, परत होत नाही' पाठ करायला कशाला लावता? बरं, तुमच्या विद्यार्थी पानावरही मागे हीच ओळ छापून आली होती, तेवढी दुरुस्ती छापाल का?

पेपरवर पालकांची सही मागितली होती. मी सही केली आणि खाली पेनाने 'नारळ भौतिकच' असं लिहून पाठवलंय, बघू आता काय उत्तर येतं.

आपला,
एक वाचक, मालवण