मंत्रीमहोदय, तुमची वाट पाहता पाहता ऊन चढलं

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
गोवा सरकार

सप्रेम नमस्कार.

गुरुवारच्या पेपरात तुमचं निवेदन वाचलं. आमच्या शहरातली पहिलीवहिली मॅरेथॉन 'अभूतपूर्व यशस्वी' झाली, धावपटूंच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून तुम्ही भारावून गेलात, आणि पुढच्या वर्षी 21 ऐवजी 42 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरवणार आहात. अभिनंदन. त्या धावपटूंपैकी मी एक. माझ्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र तुमच्या नजरेला पडला नसणार, कारण मी शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचलेच नाही. सतराव्या किलोमीटरच्या आसपास रस्त्यातल्या चरात पडले आणि उजवं मनगट मोडून बसले.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इतक्या ठिकाणी तुम्ही झेंडे दाखवता, जरा आठवून बघा. माझं फार्मसीचं दुकान आहे, वय पन्नाशीला टेकलंय, आणि डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितल्यापासून मी पहाटे धावते. पत्र मी तोंडी सांगतेय, माझी भाची टाइप करतेय. मध्ये मध्ये ती "मावशी, हे जरा जास्त होतंय" म्हणते. तेवढं मी मुद्दाम ठेवायला सांगितलंय.

सुरुवात पहाटे साडेपाचला, असं फलकावर होतं, मेसेजमध्ये होतं, बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या पट्टीच्या, मागेही छापलं होतं. (बिबच्या पुढे तुमचा फोटो होता आणि त्याखाली, जागा उरली तेवढ्यात, माझा नंबर.) वाळपईची मुलं मध्यरात्रीच निघाली होती. दोडामार्ग-सावंतवाडीकडून लोक गाड्या करून आले होते, काही जण आदल्या रात्री नातेवाईकांकडे येऊन झोपले होते. सव्वापाचला मैदान भरलं. मग वॉर्मअप म्हणून झुंबा सुरू झाला. साडेपाच झाले, निवेदक म्हणाला, बाब (म्हणजे तुम्ही) वाटेत आहेत, पाचच मिनिटं. पुन्हा झुंबा. सहा वाजले. बाब वाटेत. तिसऱ्यांदा झुंबा सुरू झाला तेव्हा माझ्या शेजारची नर्स, रात्रपाळी संपवून थेट आलेली, खाली बसली आणि म्हणाली, "माझी मॅरेथॉन झाली."

तुम्ही सात वाजून दहा मिनिटांनी आलात. मग समई, मग पुष्पगुच्छ, मग भाषण. भाषणात तुम्ही म्हणालात की आरोग्य हीच संपत्ती. त्या वेळी मी घड्याळ नाही, सूर्य बघत होते.

कृपा करून हे समजून घ्या. मार्चअखेरीला आपल्याकडे सकाळी साडेपाच आणि साडेसात ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवेत एवढा दमटपणा असतो की घाम अंगावरून नुसता ओघळतो, सुकत नाही. आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणून तर उष्ण प्रदेशांत लांब पल्ल्याच्या शर्यती शक्यतो थंडीत आणि झुंजुमुंजूला ठेवतात. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत होते. मग आमची मार्चच्या शेवटच्या रविवारी का? कारण 31 तारखेच्या आत निधी खर्ची पडायला हवा होता, असं बाजारात प्रत्येक जण सांगतो. आकडाही सांगतात. कोणी चाळीस लाख म्हणतो, कोणी साठ. पावत्या मी पाहिलेल्या नाहीत, तुम्ही दाखवा, म्हणजे वाद मिटेल. चाळीस धरले तरी विचारते, पाण्यावर किती गेले आणि कमानींवर किती? कमानी मी मोजल्या होत्या. पाण्याच्या टेबलांपेक्षा जास्त होत्या.

पाण्याचं सांगते, कारण तो माझा धंदा आहे. तिसऱ्या टेबलावर 'ओआरएस' होतं. 20 लिटरचा जार, आणि एक गोड मुलगा त्यात दोन पुड्या ओतून काठीने ढवळत होता. बाबा रे, मोठी पुडी एका लिटरला एक असते! साडेवीस ग्रॅम, त्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, बाकी पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेलं आहे, पुडीवरही छापलेलं असतं. 20 लिटरला दोन म्हणजे पाण्याला ओआरएसचा वास. पुढच्या टेबलावर उलटं, पाण्याच्या एका जगमध्ये चार पुड्या, पहिल्याच घोटाला ओकारी. आणि त्याच्या पुढच्या टेबलावर काहीच नाही, फक्त रिकामे जार आणि त्यांवर बसलेले दोन स्वयंसेवक. पोरांवर माझा राग नाही. त्यांना टी-शर्ट दिला, प्रशिक्षण दिलं नाही.

त्या टप्प्यात आम्हाला पाणी दिलं ते वाड्यावरच्या, म्हणजे वाटेतल्या वस्तीच्या, लोकांनी. एका घरासमोर म्हातारी आजी भिरंडाचं (कोकमाचं) सरबत घेऊन उभी होती, मीठ घातलेलं, स्टीलच्या पेल्यांतून. पेला परत द्यायला थांबावं लागत होतं, तेवढीच विश्रांती. बायकांसाठी संपूर्ण मार्गावर एकही शौचालय नव्हतं, तेव्हा त्याच आजीने मागचं दार उघडलं आणि एकेकीला आत घेतलं. पत्रकात 'महिलांसाठी विशेष सुविधा' असं छापलं होतं. ती आजी म्हणजेच ती सुविधा असावी. तिला मानधन द्या.

आता पडण्याचं. केबल टाकायला रस्ता खोदला होता आणि चर मातीने नुसता लोटून ठेवला होता. शर्यतीपूर्वी संपूर्ण मार्ग हॉटमिक्स (डांबरीकरण) करू, असा शब्द तुम्ही जानेवारीत दिला होता. केलंत, खोटं बोलणार नाही. व्यासपीठापासून दोन किलोमीटर, जिथपर्यंत कॅमेरे होते, तिथपर्यंत. पुढे कोणीतरी चरात झाडाची फांदी खोचून ठेवली होती, आपल्याकडची नेहमीची सूचना. पण तोवर रस्ता वाहतुकीला खुला झाला होता (आठ वाजता सोडायचा हे आधीच ठरलेलं, आम्ही निघालो साडेसातला), मागून बसने हॉर्न दिला, मी कडेला सरले आणि पाय गेला. हात टेकला. हाड मोडल्याचा आवाज आपला आपल्याला येतो.

जवळच मासळी बाजार. एका बाईंनी मला खोक्यावर बसवलं आणि बांगडा मासळीच्या पेटीतला बर्फ पिशवीत भरून मनगटाला लावला. तेवढ्यात समोर एक गृहस्थ कोलमडले. साठीचे, बँकेतून निवृत्त झालेले. बोलणं असंबद्ध, अंग तापलेलं, आपण कुठे आहोत ते सांगता येईना. हा उष्माघात आहे हे ओळखायला मोठी पदवी लागत नाही. त्यात पहिला नियम असा की आधी थंड करायचं, मग हलवायचं. मिनिटं महत्त्वाची असतात. मी एका हाताने ओरडत होते, म्हणजे तोंडाने ओरडत होते आणि एका हाताने दाखवत होते, आणि त्या मासळीवाल्या बायकांनी पेट्या उपड्या केल्या. मान, काखा, जांघा, सगळीकडे बर्फ, वरून बादलीने पाणी. तासाभराने ते माणसात आले तेव्हा अंगभर खवले चिकटले होते.

रुग्णवाहिका होती. व्यासपीठाच्या मागे होती. तिच्यापुढे तुमच्या ताफ्याच्या गाड्या लागलेल्या, आणि चालक मंडळी नाश्त्याला गेलेली. त्या गृहस्थांना शेवटी मासळीच्या टेम्पोतून नेलं, मला एका पायलटने, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याने, मोटरसायकलवरून. त्याने भाडं घेतलं नाही. नोंदणीचे 800 रुपये मात्र तुमच्या लोकांनी आगाऊ घेतले होते.

त्यानंतरचं माझं काय, तेही ऐका. दुकानात मी एकटीच. गोळ्यांची पट्टी कात्रीने कापता येत नाही, वेणी घालता येत नाही, भात डाव्या हाताने खाते आणि सांडते. गिऱ्हाईक विचारतं, "काय झालं?" मी म्हणते, मॅरेथॉन. ते हसतं. ह्या वयात कशाला, म्हणतं. हे वाक्य डॉक्टर म्हणाले, शेजारी म्हणाले, आमच्या नणंदबाई तर फोन करून म्हणाल्या. चर कोणी खणला, हे एकानेही विचारलं नाही. आयोजकांना फोन केला तर म्हणाले पालिकेला विचारा, पालिकेने खोदणाऱ्या खात्याकडे बोट दाखवलं, खातं म्हणालं ठेकेदार. ठेकेदार फोन उचलत नाही; निदान तो खोटं तरी बोलत नाही. 'सर्व स्पर्धकांना विमा संरक्षण' असं जाहिरातीत होतं. त्याच नोंदणी अर्जात खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की स्पर्धक स्वतःच्या जबाबदारीवर धावत आहे.

आणि तो मुलगा. सत्तरी तालुक्यातला, विशीचा असेल नसेल, तळ सुटलेले बूट टेपने चिकटवून आला होता. बाराव्या किलोमीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढे, पायलट गाडीच्या मागोमाग. जिथून वळायचं तिथे शंकूही नव्हता, माणूसही नव्हता, आणि पायलट गाडीच सरळ गेली. पोरगा तिच्या मागे हायवेच्या दिशेने. कोणीतरी स्कूटरवरून जाऊन परत आणला तोवर चौघे पुढे निघून गेले होते. पंधरा हजारांचं पहिलं बक्षीस गेलं. तक्रार केली तर परीक्षक म्हणाले, मार्ग माहीत असणं ही स्पर्धकाची जबाबदारी. मग गाडी कशाला होती? सरळ धावलेल्यांच्या घड्याळांतही कोणाचे वीस, कोणाचे पावणेबावीस किलोमीटर भरले. मार्ग मोजायची रीत आहे, मंत्रीमहोदय. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) बसवतात, अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात. आमचा मार्ग कोणाच्या तरी गाडीच्या मीटरवर मोजला, हे एका स्वयंसेवकानेच अभिमानाने सांगितलं.

तुम्ही म्हणाल, पहिलंच वर्ष, थोडं इकडेतिकडे होणारच. हे वाक्य गोव्यात आम्ही जन्मापासून ऐकतोय. पोर्तुगीज भाषक देशांच्या लुसोफोनिया स्पर्धा 2013 मध्ये व्हायच्या होत्या, झाल्या जानेवारी 2014 मध्ये. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा 2016 ला होणार होत्या, त्या पुढे ढकलत ढकलत 2023 च्या ऑक्टोबरात भरल्या. तेव्हा तुम्ही जेमतेम शंभर मिनिटं उशिरा आलात, म्हणजे आपल्या परंपरेत वेळेच्या आधीच म्हणायचं. आणि स्पर्धा झाल्यावर काय उरतं? आमच्या मैदानावर महिन्यातले निम्मे दिवस प्रदर्शन, सेल, सभा, ऑर्केस्ट्रा. मंडपाचे खिळे मातीत तसेच. म्हणून आम्ही रस्त्यावर धावतो. आणि 2022 पासून ज्या राज्यात दरवर्षी अडीचशेच्या वर माणसं अपघातात मरतात, तिथे पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावणं हा काय व्यायाम आहे? फुटपाथ जिथे आहे तिथे गाड्या, जिथे गाड्या नाहीत तिथे फुटपाथ नाही. सिंथेटिक ट्रॅक तुम्ही त्या दिवशी व्यासपीठावरून पुन्हा जाहीर केलात. गेल्या निवडणुकीत जाहीर केला होता तोच ना, की हा दुसरा?

ह्या राज्याची लांबी धरून चालून 105 किलोमीटर. 40 आमदार, त्यांत 12 मंत्री. एवढ्या छोट्या जागेत सरकार लोकांच्या इतकं जवळ आहे की बारशाला, जत्रेला, फेस्ताला, फुटबॉलच्या फायनलला, सगळीकडे तुम्ही भेटता. फक्त अर्ज घेऊन आलं की भेटत नाही. सरकार म्हणजे एक मोठी इव्हेंट कंपनी झाली आहे: कमान, एलईडी, समई, ड्रोन. मांडव निघाला की जबाबदारीही निघते. (भाची म्हणते, हे जास्त होतंय. असू दे.)

मागण्या सांगते. त्या मुलाला पहिल्या बक्षिसाइतकी रक्कम द्या, परीक्षकांची माफी नको. जाहिरातीतल्या विम्याचं काय ते लेखी कळवा. चर बुजवा. पुढच्या वर्षी 42 किलोमीटरचा हट्ट सोडा. 10 किलोमीटरचीच ठेवा, पण डिसेंबर-जानेवारीत ठेवा, मोजून ठेवा, आणि तुम्ही आलात-न आलात तरी साडेपाच म्हणजे साडेपाचला सोडा. झेंडा कोणीही दाखवेल. त्या मासळीवाल्या बाईंना बोलवा, त्या पहाटे तीनला उठतात.

कळावे,
आपली,
बिब क्रमांक तुमच्याकडे आहेच

ता. क. पत्र पूर्ण होत असतानाच तुमच्या कार्यालयातून फोन आला. विम्यासाठी अर्ज तीन प्रतींत आणायचा, प्रत्येक पानावर स्वतःच्या हाताने सही हवी, आणि ती नोंदणीच्या वेळच्या सहीशी जुळली पाहिजे. प्लास्टर सही करायच्याच हाताला आहे. डाव्या हाताचा अंगठा चालेल का, ते तेवढं विचारून कळवावं.