शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

संपादक महोदय,

मेंदूच्या गाठीवरील उपचारांची चर्चा बहुधा शस्त्रक्रियेपाशी थांबते. गरीब घरातला रुग्ण मागे पडतो तो त्यानंतर. ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक गाठीचेच पाहा. शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हावे लागते. ते बहुतेकांना 30 वेळा, आठवड्यातून पाच दिवस देतात. सोबत टेमोझोलोमाइड या कॅन्सरवरच्या औषधाच्या कॅप्सूल रोज आणि ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी, कारण या औषधाने प्लेटलेट घसरतात. मशीनवरचे काम काही मिनिटांचे, पण बदलापूर किंवा नालासोपाऱ्याहून परळच्या रुग्णालयात येणाऱ्याचा अख्खा दिवस जातो. फिट येण्याची भीती असते, म्हणून रुग्णाला लोकलने एकटे सोडता येत नाही. सहा आठवडे घरातल्या दोघांची मजुरी बुडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ही मजुरी आणि भाड्याची खोली त्यात बसत नाही.

या योजनेसाठी लागणाऱ्या कागदपत्रांचा घोळ बायकांना जास्त भोवतो. नव्या सुनेचे नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कमी झालेले असते आणि सासरच्या कार्डावर चढलेले नसते. तिला फिट आली की आधी कांदा हुंगवतात, मग शिधावाटप कार्यालयाच्या खेपा सुरू होतात. गाठ तोवर थांबत नाही.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. शस्त्रक्रिया एका रुग्णालयात आणि रेडिएशन दुसरीकडे असेल, तर डिस्चार्ज कार्डासोबत एमआरआयची सीडी, शस्त्रक्रियेची टिपणे, काचेच्या स्लाइड आणि गाठीच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक घेऊन जावे लागते. आयडीएच, एमजीएमटी या गाठीच्या जनुकीय तपासण्या ब्लॉकवरच होतात आणि पुढचा उपचार बराचसा त्यावर ठरतो. हे घरच्यांना कोणी नीट सांगत नाही. मग ब्लॉकसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा रांग.

मेंदूची सूज उतरवण्याच्या डेक्सामेथासोन या औषधाचेही तेच. औषध स्वस्त, जुन्या चिठ्ठीवर कोणत्याही दुकानात मिळते. फेरतपासणीला येणे परवडत नाही म्हणून लोक ते महिनोन्महिने घेत राहतात. साखर वाढते, चेहरा सुजतो, रेडिएशनसाठी चेहऱ्याच्या मापाने केलेला जाळीचा मुखवटा बसेनासा होतो आणि माप नव्याने घ्यावे लागते. पैसे संपले म्हणून एकदम बंद केले तर त्याहून वाईट; हे औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळूच कमी करायचे असते. फिटच्या गोळ्याही मनाने थांबवू नयेत.

मेनिन्जिओमासारख्या (मेंदूच्या आवरणावरच्या) बहुतांश साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठींच्या रुग्णांची अडचण वेगळी. फिट त्यांनाही येतात, नजर त्यांचीही जाते, पण कागदावर ‘कॅन्सर’ नसल्याने लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सर रुग्णांना मिळणारी मुभाही त्यांना मिळत नाही.

पालिका आणि राज्य सरकारकडे आमची मागणी आहे: शस्त्रक्रियेची तारीख ठरेल त्याच दिवशी वैद्यकीय समाजसेवकाने रेशनकार्डावरचे नाव तपासावे. रेडिएशनची तारीख आणि राहण्याची सोय डिस्चार्जआधी पक्की करावी. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा या शहराला पुरत नाहीत. ब्लॉक मागण्याची वाट न पाहता हाती द्यावा. फिटच्या गोळ्या किमान दोन महिन्यांच्या द्याव्यात आणि त्या कशा घ्यायच्या ते मराठीत, हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे.

– मेंदूच्या गाठीच्या रुग्णांसोबत काम करणारे कार्यकर्ते, परळ, मुंबई