बाप्तिस्मा एकदाच पुरे

महोदय,

ख्रिस्ती ऐक्यासाठी दर जानेवारीत प्रार्थना-सप्ताह होतो, पण घोडे पेंड खाते ते बाप्तिस्म्यापाशी, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत सामील करून घेण्याच्या विधीपाशी. दुसऱ्या गटात झालेला बाप्तिस्मा मानायचा की नाही, हा वाद जुनाच आहे. इ.स. 256 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणत, फुटीर गटातला बाप्तिस्मा खराच नव्हे. परत येणाऱ्याला तो नव्याने द्या. रोमचे बिशप स्टीफन यांना हे साफ अमान्य होते. डोक्यावर हात ठेवून स्वीकारा, एवढे पुरे, असे त्यांचे मत. पुढे पाश्चात्त्य चर्चने तेच उचलून धरले, आणि माझ्या मते योग्यच केले.

आपल्या नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा मंडळ्यांनी (म्हणजे वेगवेगळ्या चर्च-संघटनांनी) मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. त्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओतणारे अँग्लिकन होते, तसेच जाणत्या वयात पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही. कुणालाही आपली रीत सोडावी लागली नाही. दोन्ही ग्राह्य धरल्या. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी दृढीकरणाच्या, म्हणजे तो बाप्तिस्मा पक्का करण्याच्या विधीच्या वेळी भर मंडळीत स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा. केवढा मोठा समजूतदारपणा हा!

तरीही आज काही मंडळ्या दुसरीकडून आलेल्या माणसाला, कधी लग्न ठरताना, पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावतात. त्याच्या आईवडिलांची श्रद्धा खोटी होती, असेच हे सांगणे झाले. पाळकांनी ही अट घालणे थांबवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर